इतिहास : एक जोडविषय



कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने महाविद्यालयातील एका विषयावर बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. आमचे शाळेतील शिक्षण अर्ध्यावर सुटले. पुढे जे काय शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, संघटनेच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. महाविद्यालयाची पायरी चढलो ती मुलांचे प्रवेश-अर्ज भरण्यासाठी. परंतु ह्याच अर्ज भरण्याच्या निमित्ताने आजचा विषय आमच्या पदरी पडला, आणि तो आपल्या सर्वांच्या घरचा आहे म्हणून आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत. आणखी दोन महिन्यांनी निकाल लागतील, अर्ज निघतील, आणि त्या अर्जात एक रकाना असेल : ‘मायनर’ विषय कोणता?

प्रथम हा रकाना काय आहे ते पाहू. २०२० साली नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीच्या अभ्यासाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक सांगितले. श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे माप. व्याख्यानाचे साधारण पंधरा तास भरले की एक श्रेयांक. ह्या १२० पैकी ६० मुख्य विषयाला, २४ दुसऱ्या एका विषयाला, आणि उरलेले भाषा, कौशल्ये, प्रत्यक्ष कामाचा अनुभव वगैरेंना. त्या २४ श्रेयांकांच्या विषयाला ‘मायनर’ म्हणतात. निरनिराळी राज्ये व विद्यापीठे ह्या आकड्यांत थोडा फरक करतात, तेव्हा आपल्या महाविद्यालयाचे माहितीपत्रक पाहून घ्यावे. पण मूळ हिशेब असा आहे की पदवीचा पाचवा हिस्सा ह्या दुसऱ्या विषयाचा.

आम्ही सवयीने ह्याचा पाळ्यांत हिशेब केला. २४ श्रेयांक म्हणजे ३६० तास. आठ तासांची पाळी धरली तर ४५ पाळ्या. एखादा हुशार पोरगा चांगल्या कारागिराच्या हाताखाली ४५ दिवस राहिला तर तो कारागीर होत नाही हे खरे. पण हत्यार कसे धरावे, माल कसा पारखावा आणि आपल्याला कोण फसवीत आहे, एवढे त्याला निश्चित कळू लागते. इतिहास ह्या विषयाकडून एवढीच अपेक्षा ठेवून आम्ही बोलणार आहोत.

‘मायनर’ला कोणी गौण विषय म्हणतात, कोणी दुय्यम म्हणतात. हे दोन्ही शब्द आम्हांस पसंत नाहीत. एकदा गौण म्हटले की मुलगा त्याच्याकडे तशाच नजरेने पाहतो. आपल्याकडे त्याहून चांगला शब्द आहे, जोडधंदा. शेतकरी दाराशी एक म्हैस ठेवतो, चार कोंबड्या पाळतो. शेत हे त्याचे मुख्य. पण पाऊस दगा देतो त्या वर्षी घर तरते ते ह्या जोडधंद्यावर. शिवाय म्हशीचे शेण शेताला आणि शेतातला कडबा म्हशीला, अशी दोघांची एकमेकांना मदत होते. म्हणून आम्ही ह्याला ‘जोडविषय’ म्हणतो. जो विषय मुख्य विषयाला खत घालील आणि अडचणीच्या वर्षी माणसाला तारील, तो जोडविषय.

आता पालक विचारतात, इतिहास घेऊन पोटाला काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. इतिहास घेतला म्हणून कोणी नोकरी हातात आणून देत नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. स्पर्धा-परीक्षांच्या सामान्य अध्ययनात त्याचा उपयोग होतो; आयोगाच्या २०२४ च्या आराखड्याप्रमाणे जोडविषयातही पुढे पदव्युत्तर शिक्षणाची वाट उघडी ठेवली आहे. पण एवढ्यासाठीच तो घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही. मुलगा हिशेबनीस होईल, रसायनशाळेत जाईल, संगणकावर बसेल. भाकरी त्याला मुख्य विषय देईल. ती भाकरी आठ तासांत मिळावी, की बारा तासांत? ती कोणत्या अटींवर मिळावी? ह्या अटी कोणी ठरविल्या, कधी ठरविल्या आणि त्या बदलू लागल्या तर काय करावे? हे प्रश्न त्याच्या पुढ्यात येणारच, आणि त्यांची उत्तरे मुख्य विषयाच्या पुस्तकात बहुधा नसतात.

एक उदाहरण सविस्तर घेतो. रविवारची सुटी आणि कामाचे तास ह्या गोष्टी आपण सूर्य-चंद्रासारख्या धरून चालतो. त्या कशा आल्या?

मुंबईत कावसजी दावर ह्यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी गिरणी चालू झाली. पुढच्या वीस वर्षांत गिरण्या वाढल्या. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. १८७५ साली मुंबईत चौकशी-मंडळ नेमले गेले. त्यात गिरणीमालकांचा भरणा होता आणि बहुमत कायदा नको असेच पडले. तरी १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. त्याने काय दिले? शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांत सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया ह्यांच्या तासांविषयी एक अक्षर नव्हते.

१८८४ साली सरकारने पुन्हा मंडळ नेमले, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी परळला कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. १८९० च्या एप्रिलात मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिच्यात दोन स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी आली आणि स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा घातली गेली. पुरुष तसाच राहिला. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळण्याची अडचणही संपली. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ साली दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तास झाले, १९३४ साली बारमाही कारखान्यांत आठवड्याला चौपन्न, १९४६ साली अठ्ठेचाळीस. ते १९४६ चे विधेयक आले तेव्हा मध्यवर्ती सरकारात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने हीच अठ्ठेचाळीसची मर्यादा कायम केली.

१८८१ ते १९४८, म्हणजे ६७ वर्षे. एका माणसाच्या आयुष्याएवढा हा काळ. इतिहासाचा पहिला धडा येथे मिळतो : कोणतीही गोष्ट एकदम येत नाही, पायरी-पायरीने येते, आणि प्रत्येक पायरीवर कोणाची तरी सही, सभा किंवा संप असतो.

दुसरा धडा अधिक अवघड आहे. १८८१ चा कायदा कोणाच्या दयेने झाला? मजुरांविषयी कळवळा असलेली माणसे होती. सोराबजी शापुरजी बंगाली ह्यांनी मुंबईत ह्यासाठी खटपट केली. पण विलायतेत लँकेशायरचे कापडगिरणीवाले हेही अशा कायद्यासाठी सरकारच्या मागे लागले होते. मुंबईची स्वस्त गिरणी आपला बाजार खाते आहे, तिला नियमांनी बांधा, असा त्यांचा हेतू होता. म्हणून आपल्याकडील काही देशभक्त वर्तमानपत्रांनी ह्या कायद्याला विरोध केला. आता सांगा, बरोबर कोण? परक्याच्या स्वार्थातून आलेला कायदा सात वर्षांच्या पोराला नऊ तासांवर आणतो, आणि स्वदेशी उद्योगाचा कैवारी त्याला विरोध करतो! ज्याने इतिहास फक्त जयंती-पुण्यतिथीला ऐकला, त्याचा येथे गोंधळ उडतो. ज्याने तो अभ्यासला तो शांतपणे म्हणतो, एका घटनेला अनेक कारणे असतात. प्रत्येकाचा हितसंबंध कोठे होता ते पाहा, आणि परिणाम कोणावर झाला ते वेगळे पाहा. वाटाघाटीच्या टेबलावर आम्हांला ह्या धड्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचाही झाला नाही.

तिसरा धडा पुराव्याचा. गिरणीच्या एकाच संपाचे वर्णन मालकांच्या संघाच्या वार्षिक अहवालात एक असते, पोलिसांच्या दप्तरात दुसरे, आणि कामगारांच्या बाजूच्या पत्रात तिसरे. लोखंडे ‘दीनबंधु’ चालवीत. ते पत्र नसते तर त्या काळच्या मजुराचे म्हणणे आपल्याला कळणे कठीण झाले असते. कागदावर ज्यांचे म्हणणे आलेच नाही अशांसाठी माणसे भेटून त्यांच्या तोंडून ऐकावे लागते. मीना मेनन व नीरा आडारकर ह्यांनी गिरणगावातील जुन्या माणसांच्या मुलाखती घेऊन असेच पुस्तक सिद्ध केले. ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ ह्या नावाने ते मराठीत आले आहे. हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, केव्हा लिहिला, आणि काय लिहिण्याचे टाळले? इतिहासाचा विद्यार्थी हे चार प्रश्न विचारायला शिकतो. ते चार प्रश्न बँकेच्या करारपत्राला लागू आहेत, कंपनीच्या ताळेबंदाला लागू आहेत, आणि रोज सकाळी मोबाइलवर येऊन पडणाऱ्या ‘खऱ्या इतिहासा’लाही लागू आहेत.

पुराव्याचे मोल आम्ही एका प्रकरणात डोळ्यांनी पाहिले. एक लहानसा कारखाना एका रात्रीत बंद झाला. मालकाकडून सांगण्यात आले की येथे कोणी कायम नव्हतेच, सगळे हंगामी. उपदानाच्या १९७२ च्या कायद्याला सामान्यतः पाच वर्षांची सलग नोकरी लागत असे, आणि हजेरीपट मालकाच्या कपाटात. तेव्हा बांधणी खात्यातील एका बाईंनी घरातून पत्र्याचा डबा आणला. दर दिवाळीला मिळालेली बोनसची पाकिटे त्यांनी जपून ठेवली होती. प्रत्येकावर वर्ष आणि नाव. अकरा पाकिटे, एकामागे एक. त्यांचे पाहून इतरांनीही घरे धुंडाळली. कोणाकडे रजेची चिठ्ठी, कोणाकडे विमा दवाखान्याचे पत्रक निघाले. त्या बाईंना इतिहास हा विषय माहीत नव्हता. पण त्यांनी जे केले तेच इतिहास-संशोधक करतो. राजवाडे ह्यांनी वाई येथे मिळालेल्या जुन्या कागदांवरून १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांनीही लोकांच्या घरांतले कागदच गोळा केले होते. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत हाच प्रश्न हजारो घरांपुढे उभा राहिला : १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपला माणूस गिरणीच्या पटावर होता, हे दाखविणारा कागद कोठे आहे? ज्यांच्या घरी कागद राहिला त्यांना वाट मिळाली. ज्यांच्या घरचा कागद रद्दीत गेला त्यांनी काय सोसले, ते आपण जाणता.

कोणी म्हणेल, मुख्य विषय एक असताना दुसऱ्यात मन घातले तर दोन्ही बिघडतील. आपल्या महाराष्ट्राचा अनुभव उलट आहे. ज्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा आपण येथे चालवितो, ती न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झाली. रानडे पेशाने न्यायाधीश, अभ्यास अर्थशास्त्राचा; तरी मराठी सत्तेच्या उदयावर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि तो १९०० साली प्रसिद्ध झाला. डॉ. आंबेडकर १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम. ए. झाले ते अर्थशास्त्र मुख्य घेऊन. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे त्यांचे जोडविषय होते. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात ते आधी चलनाचा इतिहास मांडतात आणि मग उपाय सांगतात. आणि दामोदर धर्मानंद कोसंबी! १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस गणिताचा प्राध्यापक. फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचेच काम केले. पण जुनी नाणी हाती आली तेव्हा त्यांनी ती एक-एक करून काट्यावर तोलली. नाणे जितके अधिक हातांतून फिरते तितके झिजते. त्या झिजेचे गणित मांडून नाण्यांच्या क्रमाविषयी अनुमान काढता येते, हे त्यांनी दाखविले. नुसत्या इतिहासकाराला हे सुचले नसते, आणि नुसत्या गणितज्ञाला नाण्याशी काय करायचे आहे? हे दोन विषयांच्या जोडीचे फळ. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवे वळण दिले.

तेव्हा वाणिज्य घेणाऱ्या मुलीने इतिहास जोडावा. म्हणजे मॅनेजिंग एजन्सीची पद्धत काय होती, कंपनी भागधारकांची पण चालविणारे घराणे एक, असे कसे होते, आणि १९७० साली ती पद्धत कायद्याने का बंद झाली, हे तिला कळेल. आजच्या कंपन्यांचे ताळेबंद ती निराळ्या डोळ्यांनी वाचील. संगणक शिकणाऱ्याने इतिहास जोडावा. मोडी लिपीतील लाखो कागद पुण्याच्या आणि इतर दप्तरखान्यांत पडून आहेत, ते यंत्राला वाचायला शिकवायचे तर यंत्र आणि मोडी दोन्ही जाणणारी माणसे हवीत. कायद्याकडे जाणाऱ्याविषयी तर बोलायलाच नको.

शेवटी ह्या घटकेला हा प्रश्न इतका निकडीचा का, ते सांगतो. २०१९ व २०२० साली संसदेने चार कामगार संहिता मंजूर केल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अंमलात आल्या. एकोणतीस जुने कायदे त्यांत सामावले. १९२६ चा कामगार संघटना कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४८ चा कारखाना कायदा हे सारे त्यांत आले. ह्या बदलाविषयी आमचे मत काय आहे ते आमच्या सभांतून आपण ऐकता. ह्या व्यासपीठावरून आम्ही ते सांगणार नाही. आम्ही एवढेच सांगतो की ह्या बदलाच्या बाजूचा असो वा विरोधातला, प्रत्येकाला जुने कलम आणि नवे कलम शेजारी ठेवून वाचता आले पाहिजे. आणि जुने कलम कोणत्या दुखण्यावरचे औषध होते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ते काढले तर काय होईल हे कसे समजावे? कुंपण कशासाठी घातले ते न विचारता उपटणारा आणि न विचारता जपणारा, दोघेही सारखेच अंधारात. आज जी मुले-मुली पदवी घेऊन बाहेर पडतील त्यांतली बहुतेक कोणाच्या तरी नोकरीत जातील. नेमणुकीच्या पत्रावर सही त्यांची होणार आहे, आमची नाही.

म्हणून पालकांस आणि विद्यार्थ्यांस चार व्यवहाराच्या सूचना करून आटोपतो. पहिली, अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन विचारा की इतिहास हा जोडविषय खरोखर शिकविला जातो का, की फक्त माहितीपत्रकात छापला आहे. शिकविणारे पूर्ण वेळचे अध्यापक आहेत का. दुसरी, अभ्यासक्रम मागून घ्या. ज्यात साधने कशी वाचावी हे शिकविणारा एखादा भाग आहे, आणि ज्यात राजेरजवाड्यांबरोबर शेती, व्यापार, मजुरी, जात आणि स्त्रिया ह्यांचा इतिहास आहे, तो अभ्यासक्रम चांगला समजा. तिसरी, सोपा विषय आणि भरपूर गुण एवढ्यावर निवड करू नका. ३६० तास ही आयुष्यातली मोठी रक्कम आहे, ती कोठे गुंतवायची ते पाहून घ्या. चौथी सूचना विद्यार्थ्यांना. प्रकल्प करायची वेळ आली की दूरचा विषय शोधू नका. ह्या गावची नगरपालिका कधी झाली, बाजारपेठ येथेच का वसली, पहिली जिनिंग की पहिली पिठाची चक्की कोणाची, तिच्यात मजुरी काय होती, हे शोधा. आजीला विचारा, तिचे बोलणे तारीख घालून लिहून काढा. घरातील जुन्या पावत्या, शिधापत्रिका, पगाराच्या चिठ्ठ्या रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा वाचा.

आमच्या संघटनेच्या कचेरीत एक कपाट आहे. त्यात जुने हजेरीपट, सभांची इतिवृत्ते, तडजोडीचे करार बांधून ठेवलेले आहेत. ज्या कोणा विद्यार्थ्याला ते पाहायचे असतील त्याला ते कपाट उघडे आहे. आजपर्यंत कोणी मागितले नाहीत. ह्या जूनमध्ये अर्जातील तो रकाना विचारपूर्वक भरला गेला, तर पुढल्या वर्षी चार-दोन मुले-मुली तरी कचेरीचा जिना चढतील अशी आम्हांस आशा आहे. धूळ मात्र त्यांनाच झटकावी लागेल. इतिहासाचा पहिला तास तोच समजावा.